रश्टनचें त्रिकोणी गृह : शिलालेख आणि हिशेबाचे कागद

इंग्लंडांत नॉर्थॅम्प्टनशायर परगण्यांतील रश्टन येथें सर टॉमस ट्रेशॅम यानें इ. स. १५९३ ते १५९७ या काळांत बांधविलेलें त्रिकोणी गृह पुराणवस्तुशोधकांस सुपरिचित आहे. बाजू तीन, मजले तीन, प्रत्येक बाजूस छपराचीं त्रिकोणी टोकें तीन. प्रत्येक भिंत सुमारें ३३ फूट लांब, आणि तीवरील लॅटिन लेखाचीं अक्षरेंही ३३. ट्रेशॅम हा रोमन कॅथॉलिक. एडमंड कॅम्पियन या जेसुइट धर्मोपदेशकास आश्रय दिल्यावरून इ. स. १५८१ मध्यें तो अटकेंत पडला व त्याचीं पुढील कित्येक वर्षें बंदिवासांत गेलीं. सबब, हें गृह म्हणजे ख्रिस्ती त्रैक्याची दगडांतील कबुली होय, हें मत आम्हांस ग्राह्य वाटतें. दारावरील लेखाचा आरंभच ‘त्रेस’ म्हणजे ‘तीन’ या शब्दानें होतो, आणि त्यांत धन्याच्या नांवावर श्लेषही साधला आहे.

परंतु येथेंच न थांबतां, भिंतींवरील प्रत्येक आकड्यांतून तीन काढण्याचा जो हव्यास दिसतो, तो शास्त्रशुद्ध नव्हे. भिंतींवर १६२६ व १६४१ हे आकडे आहेत. ट्रेशॅम इ. स. १६०५ मध्यें वारला. तेव्हां हीं बांधकामाचीं वर्षें मानतां येत नाहींत. त्यांतून १५९३ वजा केल्यास ३३ व ४८ उरतात आणि दोहोंस तिनानें भाग जातो, असें सांगतात. पण कोणत्याही लागोपाठच्या तीन संख्यांपैकीं एकीस तिनानें भाग जातोच. एवढ्यावरून कर्त्याचा हेतु सिद्ध होत नाहीं. दारावरील ५५५५ या आकड्याविषयींही हाच सावधपणा हवा.

खरा पुरावा अन्यत्र आहे. इ. स. १८२८ मध्यें रश्टनच्या वाड्यांत भिंतीआड दडविलेले ट्रेशॅमचे कागद सांपडले. इ. स. १९०४ मध्यें त्यांचा वृत्तांत छापून प्रसिद्ध झाला. मूळ कागद आज ब्रिटिश लायब्ररींत आहेत. त्यांतील हिशेबांत या वास्तूचें नांव त्रैक्यमंदिर नसून, सशांच्या रानाची राखण करणाऱ्या चाकराचें घर, असें साधें आहे. यानें धार्मिक अर्थ बाधित होत नाहीं. उलट, छळाच्या काळीं उघड उपयोग व गूढ आशय एकाच छपराखालीं कसे नांदले, हें कळतें.

दगड धन्याचें मन सांगतो, हिशेब वास्तूचा व्यवहार सांगतो. म्हणून संग्राहकांस आमची विनंति कीं, सुंदर लेखाचा ठसा घेतांना शेजारचें रुक्ष हिशेबाचें बाड रद्दींत जाऊं देऊं नये.