विषम वाटा आणि न्याय्य शर्यत

समतोल म्हणजे समान वाटणी नव्हे. खंडोबाची मूर्ती वर्षातील बहुतेक काळ अणदूर येथे व उरलेला काळ नळदुर्ग येथे असते. वाटा विषम खरा. तथापि मूर्ती नेताना लेखी करार होतो, म्हणून तो उभय गावांस मान्य आहे. दीर्घ पल्ल्याच्या जागतिक मोटार-शर्यतींचे नियमही या कसोटीवर पारखण्याजोगे आहेत.

तेथील ‘हायपरकार’ वर्गात विजेचे साहाय्य घेणाऱ्या संकरित गाड्या व केवळ इंजिनावर चालणाऱ्या गाड्या एकत्र धावतात. टोयोटाची विद्युत्-मोटर पुढील चाके फिरवीत असल्याने वेग घेताना तिला चारही चाकांची पकड लाभे. ग्लिकेनहाउसच्या गाडीस ती सोय नव्हती. म्हणून २०२१ मध्ये कोरड्या मार्गावर ताशी १२० किलोमीटरनंतरच ही मोटर वापरण्याचे बंधन आले; २०२२ मध्ये ती मर्यादा १९० झाली. त्या वर्षी ल मां येथे टोयोटाच जिंकली, ग्लिकेनहाउस तिसरी आली. हे बंधन यंत्राच्या गुणाचे होते, आणि म्हणून समर्थनीय.

याउलट २०१९-२० च्या हंगामात गुणतक्त्यातील आघाडीनुसार गाड्या मंद केल्या गेल्या. संकरित नसलेल्या रिबेलियनने शांघाय व ऑस्टिन येथे विजय मिळविले. परंतु त्यांचे श्रेय कसबाचे की नियमाचे, हा प्रश्न उरलाच. २०२३ मध्ये तर ल मांपूर्वी उत्पादकांमधील मापे न बदलण्याचे ठरले असता ऐनवेळी टोयोटावर ३७ व फेरारीवर २४ किलोग्रॅम भार वाढविला गेला. यशाला दंड करणारा व ठरल्या करारास मोडणारा समतोल न्याय्य म्हणता येत नाही.