चित्र चुकलं हे कळलं, पण पास कुठला चुकला?

कंपायलरमध्ये संशोधन करायचं मनात असेल, तर 2017 चा एक पेपर जरूर वाचा. इम्पीरियल कॉलेज, लंडन इथल्या अ‍ॅलिस्टर डोनाल्डसन आणि सहकाऱ्यांचा, शेडर कंपायलरच्या स्वयंचलित चाचणीवरचा. शेडर म्हणजे ढोबळमानाने पडद्यावरच्या ठिपक्यांचा रंग ठरवणारा छोटा प्रोग्राम. त्याचं उत्तर एक चित्र असतं. मग बरोबर चित्र कोणतं, हे सांगणार कोण?

लेखकांची युक्ती साधी आहे. शेडरमध्ये अर्थ न बदलणारा कोड घुसवायचा, उदाहरणार्थ कधीच खरी न होणारी अट. ती खोटी आहे हे कंपायलरला आधीच कळलं तर तो तुकडा उडवूनच टाकेल, म्हणून अटीतल्या किमती प्रोग्राम चालताना बाहेरून द्यायच्या. आता दोन्ही चित्रं सारखी यायला हवीत. नाही आली, तर कंपायलरवर संशय. मग चूक टिकेल इतपतच कोड ठेवून बाकीचा काढत जायचं. 7 कंपन्यांच्या 17 जोडण्यांवर त्यांना 60 हून जास्त चुका सापडल्या. एकीमुळे तर वेबपानाला दुसऱ्या टॅबमधला मजकूर पाहता येत होता!

इथवर कौतुक. आता प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न अपूर्णांकांचा. 'क्ष गुणिले 0' च्या जागी थेट 0 लिहिणं ही नेहमीची सुधारणा. पण क्ष अनंत असेल तर? आयईईईच्या नियमाने उत्तर 'संख्या नाही' असं येतं. शेडरच्या भाषेत मात्र तशी सक्ती नाही. म्हणून लेखक चित्रांमधला थोडा फरक माफ करतात. व्यवहाराला ठीक, पण त्या माफीत बारीक चुकाही निसटू शकतात.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा: सापडली म्हणजे सुटली का? बंदिस्त ड्रायव्हरमध्ये बाहेरून दिसतं ते फक्त चित्र. दोन वेगळे शेडर एकाच पासमधल्या एकाच चुकीने बिघडलेले असू शकतात. म्हणून 'वेगळ्या चुका' हा आकडा जपून वाचा. डोनाल्डसन यांच्या गटानेच 2021 मध्ये एकसारख्या चुका ओळखण्यावर पुढचा पेपर लिहिला. शिवाय एखादा पास बंद केल्यावर चित्र सुधारलं, म्हणून तोच दोषी असं नाही. कदाचित आधीच्या विश्लेषणाने त्याला चुकीची माहिती दिली असेल. पास बंद करणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. कुठली अट तपासायची राहिली, ते सांगता आलं पाहिजे.

तुम्ही कराडच्या शासकीय अभियांत्रिकीत असा किंवा सांगलीच्या वालचंदमध्ये, महागडं ग्राफिक्स कार्ड नाही म्हणून अडू नका. मेसा हा ड्रायव्हर-संच खुला आहे, आणि त्यातला लावापाइप साध्या प्रोसेसरवर चालतो. त्याचे बीजगणिती नियम उघडून बघा: काहींपुढे ~ चिन्ह दिसेल. शेडरने अचूकतेचा आग्रह धरला असेल तिथे हे नियम लावायचे नाहीत, असा त्याचा अर्थ. जोडीला आयआयटी मुंबईचे उदय खेडकर, अमिताभ सन्याल आणि बागेश्री करकरे यांचं डेटा फ्लो अ‍ॅनालिसिसवरचं 2009 चं पुस्तक ठेवा.

मग एक नियम निवडा आणि वहीत लिहा: हा कोणत्या किमतींना खरा आहे, आणि कोणत्या किमतींना नाही? पेपर जिथे थांबतो, तिथून तुमचं काम सुरू होऊ शकतं.