‘यलो’, ५७ मुलं आणि ताईचा प्रश्न

मागच्या वेळी आपण केस स्टडीबद्दल बोललो होतो. एका उदाहरणावरून किती बोलता येतं, हा प्रश्न बऱ्याच जणांनी विचारला. आज एक सिनेमा आणि एक संशोधन शेजारी-शेजारी ठेवून बघू. पण आधी हे डोक्यात कुठून आलं ते सांगते.

माझी ताई कामशेतला राहते. भाचा साडेपाच वर्षांचा आहे, त्याला डाऊन सिंड्रोम आहे. गेलं दीड वर्ष ताई त्याला घरीच शिकवतेय. सकाळी स्वयंपाक उरकला की तासभर पट्टीवर मांडलेली शब्दांची कार्डं, मग इंद्रायणी तांदूळ आणि मुगाची डाळ वेगळी करणं, बटण लावणं, दुपारी फाटकापर्यंत जाऊन लोकल बघणं. ‘लोकल’ हा त्याने ओळखलेला पहिला शब्द. बोलता अजून येत नाही नीट, पण कार्ड बरोबर उचलतो.

गणपतीत घरी गेले तेव्हा ताईने मोबाईलवर ‘यलो’ पाहिलेला होता. म्हणाली, “तू पीएचडी करतेस ना, मग एक सांग. त्या गौरीसारखं आपल्याचं होईल का? आणि कार्डांनी वाचायला येतं हे खरं की उगाच? पावसाळ्यात दोन महिने त्याची छाती भरलेली, तेव्हा कार्डंच झाली नाहीत. माझ्यामुळे मागे पडला का तो?”

प्रश्न तीन आहेत, आणि तिन्हींची जात वेगळी आहे. हे मला तिथे बसल्या-बसल्या कळलं नाही. परत येताना लोकलमध्ये कळलं.

आधी सिनेमा. महेश लिमये यांनी दिग्दर्शित केलेला ‘यलो’ २०१४ मध्ये आला. पुण्याची जलतरणपटू गौरी गाडगीळ हिच्या आयुष्यावर तो बेतलेला आहे, आणि मोठेपणीची गौरी तिने स्वतःच साकारली आहे. लहानपणीची गौरी संजना राय. मृणाल कुलकर्णी आई, उपेंद्र लिमये प्रशिक्षक. वडील मुलीला स्वीकारत नाहीत, आई तिला घेऊन भावाकडे येते, मुलीला पाण्याची ओढ लागते आणि तिथून गोष्ट स्पर्धेपर्यंत जाते. ६१व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सिनेमाला परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला, गौरी आणि संजना दोघींचा विशेष उल्लेख झाला.

या सिनेमाची सगळ्यात मोठी ताकद म्हणजे ही निवड. डाऊन सिंड्रोमचं सोंग करणारा नट इथे नाही. जिचं आयुष्य आहे तीच पडद्यावर आहे. त्यामुळे तिच्याकडे बघताना ‘काय अभिनय केलाय’ असं म्हणायची सोयच राहत नाही, माणूस म्हणूनच बघावं लागतं. मराठी प्रेक्षकाला ही सवय लावणं ही छोटी गोष्ट नाही.

आता माझी तक्रार. सिनेमाचा सगळा ओघ पाण्याकडे आणि मग पदकाकडे जातो. जेवायला, बोलायला, चेन लावायला शिकण्याचे जे हजारो तास असतात, ते मागे पडतात. आईचं प्रेम दिसतं, पण तिचे तास दिसत नाहीत. अडथळाही माणसाच्या रूपात येतो: नाकारणारा बाप. तो ओलांडला की रस्ता मोकळा. प्रत्यक्षात ताईच्या घरी भावजी चांगले आहेत, सासूबाई नातवाला मांडीवरून खाली ठेवत नाहीत. अडथळा वेगळाच आहे. वाचा-उपचाराच्या अर्ध्या तासासाठी पुण्याला जायचं तर लोकल, रिक्षा, थांबणं, परत येणं यात दिवस जातो. पोहण्याचा तलाव, प्रशिक्षक, जवळचा मामा हे सगळं एका शहरात असणं हीच त्या गोष्टीतली न बोललेली अट आहे. आणि शेवटी पदक आलं की पोरीची किंमत सिद्ध झाली, असा नकळत अर्थ निघतो. मग ज्याला पदक नाही त्याचं काय?

तरीही ‘सिनेमा हा काही पुरावा नाही’ असं म्हणून मोकळं होऊ नका. मीही आधी तेच म्हणणार होते. पण गंमत बघा: ज्या संशोधनाचा मी हवाला देणार होते, त्याची सुरुवातही एका बापाच्या पत्रापासून झाली.

१९८० मध्ये इंग्लंडमधल्या लेस्ली डफन यांनी पोर्ट्समथच्या मानसशास्त्रज्ञ सू बकली यांना कळवलं की, त्यांची मुलगी सारा, जिला डाऊन सिंड्रोम आहे, तिसऱ्या वर्षापासून घरी कार्डांवरून शब्द वाचायला शिकली. तेव्हा अशा मुलांना वाचन शिकवण्याची फारशी अपेक्षाच नव्हती. बकलींनी ते पत्र बाजूला टाकलं नाही, त्यावर अभ्यास सुरू केला. पुढे कारणही हळूहळू स्पष्ट होत गेलं. या मुलांना ऐकलेलं थोडा वेळ डोक्यात धरून ठेवणं अवघड जातं, पाहिलेलं त्यामानाने टिकतं. शिवाय कानात पाणी साठून कमी ऐकू येणं त्यांच्यात बरंच आढळतं. बोललेला शब्द हवेत विरतो, कार्डावरचा समोर राहतो.

म्हणजे एक उदाहरण काय करतं? ‘हे अशक्य आहे’ हा समज मोडतं. त्यासाठी एक सारा पुरते, एक गौरी पुरते. पण ‘किती जणांना जमेल’ आणि ‘कशामुळे जमलं’ या प्रश्नांना एक उदाहरण पुरत नाही. ताईचा पहिला प्रश्न ‘होईल का’ असा होता. ‘यलो’ त्याला ‘होऊ शकतं’ एवढंच प्रामाणिक उत्तर देतो. त्यापुढचं काही सिनेमाकडून मागू नये.

दुसरा प्रश्न ‘कशामुळे’चा. त्यासाठी २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला केली बर्गॉइन आणि सहकाऱ्यांचा इंग्लंडमधला प्रयोग बघा. डाऊन सिंड्रोम असलेली ५७ मुलं, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागली. एका गटाला रोज ४० मिनिटं वाचन आणि भाषेचा कार्यक्रम लगेच सुरू केला, दुसरा गट २० आठवडे थांबला. २० आठवड्यांनी तुलना केली तेव्हा पहिला गट सुटे शब्द वाचणं, अक्षर-ध्वनीची ओळख, ध्वनी जोडणं आणि शिकवलेले शब्द बोलताना वापरणं, यात पुढे होता. पण न शिकवलेल्या गोष्टींत, म्हणजे अर्थहीन शब्द वाचणं, स्पेलिंग, व्याकरण, एकूण शब्दसंग्रह यांत फरक दिसला नाही.

थोडक्यात: जे शिकवलं ते आलं, आपोआप पुढे पसरलं नाही. उत्साहावर पाणी टाकणारं वाक्य वाटतं, पण शिकवणाऱ्याला याचा फार उपयोग आहे. ‘कार्डं केली की बोलणं आपोआप येईल’ असं धरून बसू नका, बोलणं वेगळं शिकवा.

आता याच प्रयोगावर तीन शंका घेऊ. पेपर वाचताना ही सवय लावून घ्या.

एक, शिकवणारं कोण होतं? प्रशिक्षण दिलेले शाळेतले सहायक. आई नाही. ४० मिनिटं हे त्यांच्या पगारी कामाचे होते. ताईची ४० मिनिटं भाकरी आणि धुणं यांच्या मधली आहेत. घरी तोच कार्यक्रम तसाच चालेल, हे या प्रयोगातून सिद्ध होत नाही. गंमत म्हणजे आईचे तास जसे सिनेमात दिसत नाहीत, तसे इथेही मोजलेले नाहीत.

दोन, भाषा कोणती? इंग्रजीत ‘टी-एच-ओ-यू-जी-एच’ वाचायचं तर अख्खा शब्द चित्रासारखा लक्षात ठेवणं सोयीचं. देवनागरीत अक्षर आणि उच्चार यांचं नातं बरंच सरळ आहे, पण काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरं मिळून चिन्हांचा पसारा मोठा. मग मराठीत अख्ख्या शब्दापासून सुरू करावं की आपल्या अक्षरगट पद्धतीसारखं चार अक्षरं घेऊन लगेच शब्द करावेत? इंग्रजीतला प्रयोग याचं उत्तर देऊ शकत नाही. विषय शोधत असाल तर हा घ्या, मी मनापासून सांगतेय.

तीन, आणि इथे ताईचा तिसरा प्रश्न येतो. त्याच पेपरमध्ये असंही आहे की वयाने लहान, जास्त तासांना हजर राहिलेल्या आणि मुळात भाषा अधिक समजणाऱ्या मुलांची प्रगती जास्त झाली. हे वाक्य घाईत वाचलं की डोक्यात बसतं: ‘जास्त तास, जास्त प्रगती. तास बुडाले, मूल मागे पडलं.’ थांबा. कोणाला कार्यक्रम लगेच मिळणार हे चिठ्ठीने ठरलं होतं. कोण किती दिवस हजर राहणार हे चिठ्ठीने ठरलं नव्हतं. गैरहजर कोण राहतं? जो आजारी पडतो. डाऊन सिंड्रोम असलेल्या साधारण निम्म्या मुलांना जन्मतः हृदयाचा दोष असतो, छातीचे संसर्गही वारंवार होतात. म्हणजे तास बुडणं आणि प्रगती कमी होणं, दोन्हींमागे आजारपणच असू शकतं. हजेरीचा तो आकडा कारण सांगत नाही, सोबत सांगतो.

वर्गात आपण ‘सहसंबंध म्हणजे कार्यकारण नव्हे’ हे पाठ करतो आणि पाच मार्क घेतो. मावळातल्या पावसात आजारी पोराला कुशीत घेऊन बसलेल्या बाईवर ते वाक्य चुकीचं पडलं, तर ती दोन महिने स्वतःला दोष देत राहते. पद्धतीची चूक अशी घरात शिरते.

एक शेवटची गोष्ट, ‘घरी’ या शब्दाबद्दल. एका शाळेने ताईला सांगितलं होतं, “घरीच शिकवा, कायद्यात तशी सोय आहे.” कायदा वाचा. शिक्षण हक्क कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने तीव्र किंवा बहुविकलांगता असलेल्या मुलाला घरी शिक्षण घेण्याचा पर्याय दिला. तो निवडण्याचा हक्क मुलाचा आहे, शाळेला नाही म्हणण्याची पळवाट नाही. आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. त्यामुळे ‘घरी शिकणारी मुलं’ असं सॅम्पल घ्याल तेव्हा आधी विचारा: घर निवडलं, की घर उरलं? दोन्ही गट एकत्र केलेत तर निष्कर्ष कोणाबद्दलचा, हेच कळणार नाही.

ताईला मी फोनवर एवढंच सांगितलं. वाचायला येऊ शकतं, हे खरं आहे. कार्डं चालू ठेव, पण बोलणं वेगळं घे. त्याचे कान एकदा तपासून घे. भाचा जूनमध्ये सहाचा होईल, तेव्हा शाळेत अर्ज लेखी दे, उत्तरही लेखी माग. आणि पावसाळ्यातल्या त्या दोन महिन्यांचा हिशोब कुठल्याही पेपरमध्ये तुझ्या नावावर लिहिलेला नाही.

ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, “बरं. आज त्याने ‘पाऊस’चं कार्ड उचललं आणि खिडकीकडे बोट केलं.”

हे मी वहीत तारीख घालून लिहून ठेवलंय. एकच नोंद आहे. पण डफननीही एकच पत्र लिहिलं होतं.