‘पिकू द्या’ची निळी किंमत

आमच्या मलकापुरात मोतीबिंदूला आजही आंब्यासारखे ‘पिकू द्या’ म्हणतात. पिकलेले भिंग सबंध बाहेर काढत, त्या काळी या सल्ल्याला अर्थ होता. आता शस्त्रक्रिया बदलली, पण शब्द तसाच राहिला. माझी आक्षेपाची पहिली जागा हा शब्दच आहे.

मोतीबिंदू पूर्ण पांढरा झाला की डोळ्याच्या पडद्यावरून परतणारी तांबूस चकाकी दिसेनाशी होते. भिंगाचे पातळ आवरण आणि आतला पांढरा गर वेगळे ओळखू येत नाहीत. याच आवरणाला गोल छेद द्यायचा असतो. तो भरकटला तर आवरण फाटते. म्हणून ट्रिपॅन ब्लू हा रंग वापरतात. आवरण निळे होते, गर पांढराच राहतो. नेदरलँड्सच्या मेल्स यांनी ही पद्धत 1999 मध्ये मांडली. अमेरिकेने 2004 मध्ये या रंगाला मान्यता दिली.

तो सुरक्षित आहे का? मोठ्या मात्रेत दिल्यावर प्राण्यांत जन्मदोष आढळले आहेत. डोळ्यात मात्र 0.06 टक्क्याचे द्रावण किंचित घालतात आणि लगेच धुऊन काढतात. भीती पसरवण्याचे कारण नाही. पण अटी आहेत. कोरड्या अवस्थेतले, पाणी शोषणारे कृत्रिम भिंग बसवायचे असेल तर हा रंग वर्ज्य, कारण भिंगच तो शोषून घेऊ शकते. दुसरा धोका नजरचुकीचा. मेथिलीन ब्लूही निळाच. तो चुकून वापरल्याने बुबुळावरचा पारदर्शक पडदा सुजल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. डोळ्यांना दोन्ही निळे सारखेच दिसतात. फरक कुपीवरच्या अक्षरांत असतो.

माझ्या आईने शेजाऱ्यांचे ऐकून दोन वर्षे मोतीबिंदू ‘पिकवला’. शस्त्रक्रिया नीट झाली. तिच्या कार्डावर भिंगाचे स्टिकर होते, त्यावर नंबरही होता. रंगाचा मात्र एका शब्दाने उल्लेख नव्हता. विचारल्यावर उत्तर आले, “तो नेहमीचाच असतो.”

आरोग्यावरचे आपले मराठी लेखन इथेच अपुरे पडते. शिबिरात किती डोळे उजळले याचे आकडे ते आनंदाने छापते. डोळ्यात काय घातले, हे विचारायला वाचकाला शिकवत नाही. रंगाचे नाव आणि कुपीचा बॅच क्रमांक कार्डावर लिहायला एक ओळ पुरते. ती ओळ मागणे म्हणजे डॉक्टरांवरचा अविश्वास नव्हे. आणि ‘पिकू द्या’ म्हणणाऱ्याला आता सांगायला हवे : डोळा म्हणजे आढीतला आंबा नव्हे.