यरुशलेमचे यात्रेकरू आणि त्यांचीं वर्णनें

तीर्थयात्रेचें वर्णन वाचतांना आपण बहुधा लेखकाच्या भक्तीची परीक्षा करतों, त्याच्या डोळ्यांची करीत नाहीं. क्षेत्राहून परतलेल्या आप्तास 'तेथें पाण्याची सोय कशी होती?' असें विचारणें आपणांस कमीपणाचें वाटतें. यरुशलेम नगरीविषयीं गेल्या सतराशे वर्षांत जें प्रवासवाङ्मय निर्माण झालें, त्यांतील कांहीं ग्रंथ आम्हीं अलीकडे एकामागून एक वाचले. आणि पाण्याची चौकशी करणारे यात्रेकरूच पुनःपुन्हां वाचण्याजोगे असतात, अशी आमची खात्री झाली. यहुदी, ख्रिस्ती आणि मुसलमान या तिघांचेंही हें क्षेत्र. तटाच्या आंतलें जुनें शहर एक चौरस किलोमीटरही भरत नाहीं. तेवढ्या जागेंत तिघांचीं परमपवित्र स्थानें एकमेकांस खेटून उभीं आहेत. येणारा प्रत्येक जण आपल्यापुरतें शहर पाहतो आणि शेजाऱ्याचें वगळतो, हें स्वाभाविकच आहे. तो किती वगळतो, यावर त्याच्या ग्रंथाची किंमत ठरवावी असें आम्हांस वाटतें.

सन ३३३ मध्यें गॉल देशांतील बोर्दो शहराहून एक ख्रिस्ती यात्रेकरू येथें आला. त्याचें नांव उरलेलें नाहीं, आणि त्याचें टिपण म्हणजे बहुतांशीं मुक्कामांची व अंतरांची यादी आहे. रसिक वाचक दोन पानें चाळून तें मिटून ठेवील. परंतु या रुक्ष यादींत एक जागा अशी आहे कीं, तिच्यापुढें पुढील शतकांतील पुष्कळ अलंकारिक वर्णनें फिकीं पडतात. पाडलेल्या मंदिराच्या जागीं भोक असलेला एक दगड आहे; यहुदी लोक दरवर्षीं येऊन त्यास तेल लावतात, शोक करतात, अंगावरचीं वस्त्रें फाडतात आणि निघून जातात, एवढेंच तो सांगतो. निंदा नाहीं आणि दयेचें प्रदर्शनही नाहीं. त्याच शतकाच्या अखेरीस आलेल्या एगेरिया नांवाच्या यात्रेकरू स्त्रीनें आपल्या दूरच्या भगिनींस लिहिलेलें वर्णन १८८४ सालीं इटलींतील आरेत्सो येथें हस्तलिखित रूपानें सांपडलें. ती सांगते कीं, धर्माध्यक्ष ग्रीक भाषेंत बोलतो, एक पुरोहित तें सिरियाकमध्यें सांगतो, आणि ज्यांना केवळ लॅटिन येतें त्यांस जवळचे दुभाषी बंधुभगिनी समजावून देतात. क्रूसाचें पवित्र काष्ठ दर्शनास ठेवतात तेव्हां सेवक सभोंवतीं पहारा करतात. कारण पूर्वीं एका भाविकानें चुंबन घेण्याच्या मिषानें दांतांनीं त्याचा तुकडाच तोडून नेला होता! ही गोष्ट एखाद्या सावध लेखिकेनें लाजेनें गाळली असती. एगेरियानें ती गाळली नाहीं, म्हणूनच तिच्या भक्तीवर आमचा विश्वास बसतो.

परंतु या सर्वांत आमचा आवडता यात्रेकरू म्हणजे इराणी कवि नासिर खुस्रो. हा मूळचा सरकारी वसुलीखात्यांतला मनुष्य; नोकरी सोडून यात्रेस निघाला, तरी हिशेबाची संवय सुटली नाहीं. १०४७ च्या मार्चांत तो यरुशलेमास पोहोंचला. त्याच्या 'सफरनाम्यां'त प्रार्थनेचे उद्गार थोडे आणि मोजमापें फार. हरमच्या विस्तीर्ण आवाराची लांबी ७०४ व रुंदी ४५५ हात, हे आंकडे त्यानें एका शिलालेखावरून उतरून घेतले. गांवांत झरा नाहीं, सर्व भिस्त पावसावर. म्हणून घरोघरीं टांकीं आहेत आणि मशिदीच्या आवारांत पडलेलें पाणी वायां न जातां हौदांत कसें उतरतें, हें तो कौतुकानें सांगतो. मक्केस जाण्याची ज्यांची ऐपत नसते ते आसपासचे मुसलमान हजच्या दिवसांत येथेंच जमतात, एखाद्या वर्षीं वीस हजारांहून अधिक. आणि रूमच्या मुलुखांतून ख्रिस्ती व यहुदीही आपापल्या देवस्थानांसाठीं येतात, असें तो लिहितो. दवाखान्याचा खर्च कोणत्या उत्पन्नांतून चालतो याचीही त्यास चौकशी आहे.

त्याची खरी कसोटी लागते ती ख्रिस्ती लोकांच्या मोठ्या मंदिरापाशीं. हें मंदिर १००९ सालीं फातिमी खलिफा अल्-हाकिम याच्या आज्ञेनें पाडण्यांत आलें होतें व पुढें रूमच्या बादशहाशीं समेट होऊन पुन्हां उभें राहिलें. नासिर खुस्रो पुढें त्याच फातिमी घराण्याचा निष्ठावंत प्रचारक झाला. तथापि मंदिर कोणीं पाडविलें हें त्यानें झांकलें नाहीं. आंत आठ हजार माणसें मावतील असें सांगून तेथील स्वर्गनरकाच्या चित्रांपुढें तो थबकून उभा राहतो. दुसऱ्याच्या देवळांत उभें राहून आपल्या पक्षाची चूक आणि परक्याची कला दोन्ही नोंदविणें, हा गुण त्या शतकांत दुर्मिळ होता; आजही तो सुलभ झाला आहे असें नाहीं.

आंकड्यांवर विश्वास ठेवावा, पण डोळे झांकून नव्हे. १२व्या शतकांत, नगर क्रूसेडरांच्या ताब्यांत असतां, स्पेनमधील तुदेलाचा रब्बी बेंजामिन येथें आला. राजाकडून रंगाऱ्याचा कारखाना मक्त्यानें घेऊन त्यावर पोट भरणारे यहुदी त्यास दिसले. ते किती? एका पोथींत दोनशें, दुसरींत चार! हिब्रू लिपींत या दोन संख्या दाखविणारीं अक्षरें इतकीं सारखीं आहेत कीं, लेखकूच्या बोरूच्या एका फटकाऱ्यानें एक वस्ती उभी राहिली किंवा बुडाली. आमच्याकडील पोथ्या ताडून पाहणाऱ्यांस याचें आश्चर्य वाटणार नाहीं.

आतां अर्वाचीन लेखकांकडे वळूं. फ्रेंच साहित्यिक शातोब्रियां १८०६ मध्यें येथें थोडेच दिवस राहिला आणि १८११ सालीं त्यानें जाडजूड प्रवासग्रंथ प्रसिद्ध केला. त्याची भाषा भव्य आहे, पण तो नगराशीं बोलत नसून आपल्या ग्रंथसंग्रहाशींच बोलत आहे असें वाटतें. या दोषावर ज्यानें मर्मी प्रहार केला तो मार्क ट्वेन. सहप्रवासी स्वतःच्या डोळ्यांनीं न पाहतां पूर्वीच्या लेखकांचींच वाक्यें कशीं घोकतात, याची त्यानें १८६९ च्या आपल्या ग्रंथांत उडविलेली टर वाचतांना हंसूं आवरत नाहीं. आदमच्या थडग्यावर त्यानें ढाळलेले खोटे अश्रू तर प्रसिद्धच आहेत. मात्र हाच चाणाक्ष मनुष्य पॅलेस्टाइनची भूमि उजाड, करपलेली आणि निर्जन असल्याचा निर्वाळा देतो तेव्हां आम्ही थांबतों. तो तेथें गेला १८६७ च्या सप्टेंबरांत. त्या देशांत पाऊस हिवाळ्यांत पडतो. सप्टेंबर म्हणजे कित्येक कोरड्या महिन्यांची अखेर. कोणी परदेशस्थ गृहस्थानें वैशाखांत नगर-सोलापूरकडील माळ पाहून दक्षिणेंत कांहीं पिकत नाहीं असें लिहिलें, तर आपण काय म्हणूं? मार्चांत आलेल्या नासिर खुस्रोनें त्याच परिसरांत केवळ पावसाच्या पाण्यावर वाढलेलीं शेतें, ऑलिव्ह आणि अंजीर पाहिलीं, व तेलाचे मोठाले सांठे असलेलीं घराणीं नोंदलीं. दोघांमध्यें आठशें वर्षांचें अंतर आहे आणि मधल्या काळांत देश दरिद्री झाला होता, हें मान्य. तरी महिन्याचा हिशेब धरल्याशिवाय ही तुलना करतां येत नाहीं. ट्वेनचा विनोद विनोद म्हणूनच राहता तर आम्हीं एवढी हुज्जत घातली नसती. पण पुढील काळांतील वादांत त्याचीं तीं वाक्यें भूमि रिकामी होती याचा पुरावा म्हणून पुढें करण्यांत आलीं, आणि तशीं तीं अजूनही पुढें केलीं जातात.

प्रवाशानें न पाहिलेला मनुष्य कागदावर नसतो, आणि कागदावर नसलेल्याला हलविणें सोपें जातें. आम्हीं चाळलेल्या वर्णनांत पश्चिम भिंत येते, तेथील शोक येतो, समोरची गल्ली अरुंद असल्याचें येतें. गल्लींतल्या घरांत कोण राहतें हें क्वचितच येतें. तो मघरिबी मोहल्ला १२व्या शतकाच्या अखेरीस सलाहुद्दीनच्या पुत्रानें वसविला होता. १९६७ च्या जूनमध्यें तो पाडून तेथें पटांगण करण्यांत आलें. त्यापूर्वीं, १९४८ सालीं, जुन्या शहरांतील यहुदी मोहल्ल्याचे रहिवासी असेच घालविले गेले, तेथील सभास्थानें उद्ध्वस्त झालीं, आणि पुढें एकोणीस वर्षें यहुद्यांस त्या भिंतीपाशीं जातां आलें नाहीं. दोन्ही गोष्टी एकाच ग्रंथांत सारख्याच आवाजांत सांगणारा प्रवासी विरळा.

म्हणून प्रवासवर्णनांच्या शेजारीं एखाद्या रहिवाशाचा ग्रंथ अवश्य ठेवावा. १०व्या शतकांतील भूगोलकार अल्-मुकद्दसी याच नगरींत जन्मलेला. तो तिची थोरवी गातो, आणि लगेच न्हाणीघरें घाणेरडीं व महाग असल्याची तक्रारही करतो. घरचा मनुष्य असाच बोलायचा! आमच्या काळाच्या अधिक जवळचा साक्षीदार म्हणजे ऊदवादक वासिफ जौहरिया. ग्रीक परंपरेच्या ख्रिस्ती घरांत जन्मलेल्या या मुलास बापानें कुराणही शिकविलें होतें. त्याच्या आठवणी १९०४ ते १९४८ या काळाच्या असून त्यांचा इंग्रजी अनुवाद २०१४ सालीं प्रसिद्ध झाला. शहराबाहेर शिमोन या यहुदी सत्पुरुषाच्या समाधीपाशीं यहुद्यांचा मेळा भरे, तेव्हां ख्रिस्ती व मुसलमान शेजारीही सहकुटुंब तेथें जात आणि गाणेंबजावणें होई, असें तो सांगतो. हें लिहितांना त्याला आपण एकोप्याचें कांहीं विशेष उदाहरण देत आहों असें वाटलेलें दिसत नाहीं. मेळ्याचें गाणें चांगलें झालें कीं नाहीं, याचीच त्याला अधिक काळजी. १९४८ मध्यें त्याला नगर सोडावें लागलें. या आठवणींचा चांगला मराठी अनुवाद व्हावा. आणि त्या सालानंतर कोंकणांतून तिकडे गेलेल्या बेने इस्राएल कुटुंबांपैकीं कोणी आपल्या मराठींत त्या नगराच्या गल्ल्यांविषयीं, बाजाराविषयीं आणि पाण्याविषयीं लिहिलें, तर तें पुस्तक आम्ही शातोब्रियांच्या आधीं उघडूं.