८७ टक्के, पण कशाचे?

तक्ता दोनच ओळींचा आहे. बॅरी गोल्डवॉटर, रिपब्लिकन, ३,५६,५२८ मतं, ८७.१४ टक्के. लिंडन जॉन्सन, डेमोक्रॅट, ५२,६१८ मतं, १२.८६ टक्के. राज्य मिसिसिपी, तारीख ३ नोव्हेंबर १९६४. राज्याची सातही इलेक्टोरल मतं गोल्डवॉटरना. काउंट्या ८२, त्या सगळ्या गोल्डवॉटरकडे.

अमेरिकेतल्या जुन्या निवडणुकांचे आकडे चाळायचा नाद मला इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षात लागला. कारण फार उदात्त नव्हतं. नकाशावर आकडे रंगवण्याचा प्रोजेक्ट होता, आणि तिकडचे काउंटीवार निकाल फुकट आणि नीटनेटके मिळत होते. १९६४चा नकाशा मी रंगवला तेव्हा बहुतेक देश जॉन्सन यांच्या रंगाचा झाला. त्यांना देशभरात ६१ टक्के मतं होती. गोल्डवॉटर यांच्याकडे त्यांचं स्वतःचं ॲरिझोना आणि दक्षिणेतली पाच राज्यं, एवढंच. आणि त्यांतल्या मिसिसिपीत एकदम ८७. मला वाटलं, डेटात घोळ आहे, दोन उमेदवारांचे रकाने उलटे पडलेत. तपासून पाहिलं. रकाने बरोबर होते.

तेव्हापासून हा तक्ता माझ्या डोक्यात आहे. इथे मला त्याचीच समीक्षा करायची आहे. एखाद्या कादंबरीची करतात तशी. सांगणारा कोण, तो कोणाबद्दल सांगतोय, आणि काय गाळतोय? तक्ता आपोआप उगवत नाही. तोही कोणीतरी लिहिलेलाच असतो. फक्त त्यात 'मी' कुठेच नसल्यामुळे आपण त्याच्यावर लेखकापेक्षा लवकर विश्वास ठेवतो.

या तक्त्याचं रूढ वाचन असं: १८७२मध्ये ग्रँट जिंकले, त्यानंतर एकाही रिपब्लिकन उमेदवाराला मिसिसिपी मिळालं नव्हतं. १९३६मध्ये रूझवेल्टना इथे ९७ टक्क्यांच्या आसपास मतं पडली होती. मग जून १९६४मध्ये सिनेटर गोल्डवॉटर यांनी नागरी हक्क विधेयकाच्या विरोधात मत दिलं. २ जुलैला जॉन्सन यांनी त्याच विधेयकावर सही केली. चार महिन्यांनी मिसिसिपीने बाजू बदलली. दक्षिणेच्या राजकारणाने कूस बदलली ती इथे, असं म्हणायची पद्धत आहे.

हे वाचन खोटं नाही. तीन-चार पिढ्या जपलेली पक्षनिष्ठा एका कायद्यापुढे चार महिने टिकली नाही, हे तक्त्यावरून दिसतंच, आणि ते पुसून टाकायचं कारण नाही. माझा आक्षेप व्याकरणाचा आहे. 'मिसिसिपीने बाजू बदलली' या वाक्याचा कर्ता मिसिसिपी आहे. कोणतं मिसिसिपी?

शाळेत आपण अंश आणि छेद शिकतो. टक्केवारी वाचताना नजर अंशावरच राहते, छेद कोणी विचारत नाही. इथे छेद आहे ४,०९,१४६, म्हणजे पडलेली एकूण मतं. आता त्याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवू. अमेरिकेच्या नागरी हक्क आयोगाने वापरलेल्या जनगणनेच्या आकड्यांनुसार मिसिसिपीत मतदानाच्या वयाचे कृष्णवर्णीय नागरिक ४ लाख २२ हजार होते. त्यांच्यापैकी मतदारयादीत नाव होतं ६.७ टक्क्यांचं, म्हणजे सुमारे २८ हजार ५०० लोकांचं. बाकीचे तीन लाख नव्वद हजारांहून जास्त लोक यादीबाहेर.

मी ही वजाबाकी दोनदा केली. तक्त्यातल्या सगळ्या मतांची बेरीज त्या राज्यातल्या कृष्णवर्णीय प्रौढांपेक्षा कमी भरते. गोरे आणि कृष्णवर्णीय असे सगळे प्रौढ मिळून होतात ११ लाख ७० हजार. तो छेद घेतला तर गोल्डवॉटर यांचे ८७ टक्के ३० टक्क्यांवर येतात.

यावर एक रास्त हरकत आहे. छेदात सगळे प्रौढ घातले तर कुठल्याही निवडणुकीतला विजेता खुजा होतो, कारण सगळेच काही मत द्यायला जात नाहीत. मिसिसिपीचे तेव्हाचे राज्यकर्तेही जवळपास हेच म्हणत: आमच्याकडच्या कृष्णवर्णीयांना मतदानात रस नाही, ते आहेत तसे सुखी आहेत. म्हणजे प्रश्न असा, की हे चार लाख लोक गेले नाहीत, की त्यांना जाऊ दिलं नाही? तक्त्यात दोन्हीची खूण सारखीच असते. काहीच नसतं.

उत्तर शोधायला तक्त्याच्या आधीचं एक कागदपत्र वाचावं लागतं, ते म्हणजे मतदारनोंदणीचा फॉर्म. १८९०च्या राज्यघटनेपासून मिसिसिपीने ही यंत्रणा घडवत आणली होती. अर्जदाराने फॉर्म स्वतःच्या हाताने भरायचा. नोंदणी अधिकारी राज्यघटनेतलं कुठलंही कलम निवडून देणार. ते उतरवून काढायचं आणि त्याचा अर्थ लिहायचा. मग नागरिकाची कर्तव्यं आपल्याला काय कळली तेही लिहायचं. उत्तर बरोबर की चूक ते ठरवणार तोच अधिकारी. १९६२पासून अर्जदारांची नावं सलग दोन आठवडे स्थानिक वर्तमानपत्रात छापायची, असाही नियम झाला. म्हणजे मळ्याच्या मालकाला, सावकाराला, आणि रात्री गाडी घेऊन फिरणाऱ्यांना यादी घरपोच.

ऑगस्ट १९६२मध्ये फॅनी लू हेमर आणखी सतरा जणांबरोबर बसने इंडियनोलाच्या कोर्टात गेल्या. त्या कापसाच्या मळ्यावर राबणाऱ्या, वय चव्वेचाळीस. त्यांना पूर्वलक्षी कायद्यांबद्दलचं कलम देऊन अर्थ विचारला गेला. त्या नापास झाल्या. परतताना बसचा रंग जास्तच पिवळा आहे म्हणून दंड झाला. घरी पोचल्यावर मालकाने सांगितलं, अर्ज मागे घे, नाहीतर मळा सोड. अठरा वर्षांचं काम आणि डोक्यावरचं छप्पर त्या एका दिवसात गेलं. 'रस नाही' या शब्दांत हे मावत नाही.

आता ८२ काउंट्यांमधली एकच घेऊ, होम्स. इथे गोल्डवॉटरना ९६ टक्क्यांहून जास्त मतं पडली. नुसता नकाशा पाहणाऱ्याला वाटेल, हा कडव्या गोऱ्यांचा बालेकिल्ला. प्रत्यक्षात होम्समधल्या दर दहा माणसांतली सात कृष्णवर्णीय होती. एप्रिल १९६३मध्ये तिथल्या माइलस्टनचे चौदा जण लेक्सिंग्टनच्या कोर्टात नाव नोंदवायला गेले. तिकडचे बरेच शेतकरी स्वतःच्या जमिनीचे मालक होते, मळ्यावरून हाकलून देण्याची भीती त्यांना घालता येत नव्हती. त्यांच्यातले हार्टमन टर्नबो पुढे झाले. महिन्याभराने त्यांच्या घरावर बॉम्ब पडले. अटक झाली ती टर्नबो यांनाच, स्वतःचं घर स्वतःच जाळल्याच्या आरोपाखाली. पुढच्या वर्षीचे ते ९६ टक्के या सगळ्यानंतरचे आहेत.

या तक्त्याला एक प्रतितक्ताही आहे, आणि माझ्या लेखी १९६४चं ते जास्त वाचनीय कागदपत्र आहे. मिसिसिपी फ्रीडम डेमोक्रॅटिक पार्टीने अधिकृत निवडणुकीच्या तोंडावर आपली स्वतःची निवडणूक घेतली. मतपेट्या चर्चमध्ये, दुकानांत, लोकांच्या घरी. घटनेचं कलम नाही, परीक्षा नाही. त्यात जॉन्सन यांना साठ हजारांहून जास्त मतं पडली. अधिकृत तक्त्यात त्यांना संपूर्ण राज्यातून ५२,६१८ होती, हे लक्षात घ्या. काँग्रेसच्या जागेसाठी हेमर यांना ३३,००९ आणि विद्यमान सदस्य जेमी व्हिटन यांना ५९. अधिकृत मतपत्रिकेवर हेमर यांचं नाव येऊच दिलं नव्हतं.

समीक्षकाने आवडत्या पुस्तकालाही तोच चष्मा लावला पाहिजे. हाही तक्ता एकतर्फीच आहे. व्हिटन यांचे समर्थक चर्चमधल्या पेटीत मत टाकायला येणार नव्हतेच. ३३,००९ विरुद्ध ५९ म्हणजे त्या मतदारसंघाचा कौल नव्हे. पण दोन्ही तक्त्यांत एक फरक आहे. या दुसऱ्या तक्त्यात जे नाहीत ते स्वतःहून आले नाहीत. पहिल्यातल्यांना दारातून परत पाठवलं होतं. आणि हा तक्ता आपण सबंध मिसिसिपी आहोत असा आव आणत नाही. आम्ही आहोत, मोजायला तयार आहोत, एवढंच त्याचं म्हणणं.

जानेवारी १९६५मध्ये हे म्हणणं वॉशिंग्टनला पोचलं. मिसिसिपीच्या सदस्यांना शपथ देऊ नये, कारण त्यांना निवडून देणारा छेदच खोटा आहे, असा मुद्दा प्रतिनिधीगृहात आला. १४९ सदस्यांनी त्या बाजूने मत दिलं. ते पुरलं नाही; सप्टेंबरमध्ये तक्रार निकालात निघाली आणि व्हिटन बसले ते बसलेच.

मी हे सगळं इतकं लावून का धरलंय, ते सांगायला हवं. पहिल्या नोकरीत मी एका ॲपच्या नोंदणीचा साप्ताहिक अहवाल बनवायचे. त्यात वरच मोठ्या अक्षरांत यशस्वी नोंदणीचा आकडा असायचा, नव्वदीच्या घरातला. मीटिंगमध्ये सगळे खूश. त्याचा छेद होता दुसऱ्या पायरीवर पोचलेले लोक. पहिल्या पायरीवर आम्ही टाइप केलेलं नाव कागदपत्रावरच्या नावाशी जुळवायचो. एका कागदावर 'बाई' लागलेलं, दुसऱ्यावर नाही, इंग्रजी स्पेलिंग दोन ठिकाणी दोन तऱ्हेचं, आडनावच नाही. अशी माणसं तिथेच बाहेर पडायची आणि त्यांची नोंदही व्हायची नाही. ती क्वेरी माझीच होती. मला माहीत होतं का? अर्धवट. कस्टमर केअरच्या एका मुलीने दोनदा विचारलं होतं की हे फोन करणारे लोक अहवालात कुठे दिसतात. मी म्हणाले, ते आपल्या डेटात नाहीत. बोलताना मला ते तांत्रिक उत्तर वाटलं होतं.

तिथे कोणाचं घर जळलं नाही, आणि तुलना याच्यापुढे ताणायची माझी इच्छा नाही. पण 'ते डेटात नाहीत' हे वाक्य किती सहज तोंडात येतं, ते मला माहीत आहे.

मिसिसिपीतल्या त्या चार लाखांबद्दलच्या प्रश्नाचं उत्तर इतिहासाने दिलं, तेही लवकर. ६ ऑगस्ट १९६५ला मतदान हक्क कायदा आला. परीक्षा बंद झाली, आणि जिथे स्थानिक अधिकारी अडून बसले तिथे केंद्राचे लोक नाव नोंदवायला गेले. माणसं तीच होती, रस नसलेली. १९६७पर्यंत नोंदणी ६.७वरून ५९.८ टक्क्यांवर गेली. त्याच वर्षी होम्स काउंटीतून रॉबर्ट क्लार्क नावाचे शिक्षक राज्याच्या विधिमंडळावर निवडून गेले, विसाव्या शतकात मिसिसिपीच्या विधिमंडळात बसलेले पहिले कृष्णवर्णीय.

माझा कॉलेजचा नकाशा अजून लॅपटॉपवर आहे. मध्यंतरी एका रविवारी मी त्यात तिसरा रंग घातला, यादीबाहेर ठेवलेल्यांसाठी करडा. काउंटीवार आकडे सगळीकडे मिळाले नाहीत, त्यामुळे तो रंग सध्या राज्यापुरताच आहे, एका पट्टीसारखा. ती पट्टी गोल्डवॉटर यांच्या पट्टीपेक्षा लांब आहे.