संवेदकाची साक्ष आणि ‘शुद्ध’ हा शब्द

पाण्याविषयी मराठी भाषकाजवळ असलेला शब्दसंग्रह अनुभवातून घडलेला आहे. ज्यात डाळ शिजत नाही ते पाणी जड. जिभेला किंचित खारट लागते ते मचूळ. आणि परगावी गेलेल्यास जे मानवत नाही ते ‘बाधते’. या प्रत्येक शब्दात पाण्याइतकाच पिणाराही उपस्थित आहे. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये संवेदकांच्या, म्हणजे व्यवहारात ज्यांना सेन्सर म्हणतात त्यांच्या, साहाय्याने नळयोजनांवर देखरेख ठेवण्याचा विचार पुढे आला आणि या शब्दांच्या जोडीला आकडे आले. आकड्यांचे स्वागतच केले पाहिजे. आमचा आक्षेप आहे तो त्यांच्या बळावर ‘शुद्ध’ असा निर्वाळा देणाऱ्या भाषेवर.

संवेदक सामान्यतः सामू, गढूळपणा, मुक्त क्लोरीन आणि विद्युत्‌वाहकता मोजतो. क्लोरीन अकस्मात घटले तर ते तत्काळ कळते, हा लाभ लहान नव्हे. परंतु विरघळलेल्या क्षारांचा जो आकडा दाखविला जातो, तो बहुधा वाहकतेस गुणक लावून काढलेले अनुमान असते. क्षार कोणता, हे वाहकता सांगत नाही. यवतमाळ, नांदेड, चंद्रपूर या जिल्ह्यांत काही ठिकाणी भूजलात फ्लोराइड आढळते. भारतीय मानक १०५०० (२०१२) नुसार त्याची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे १ मिलिग्रॅम, आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ मिलिग्रॅम आहे. ही मर्यादा ओलांडलेले पाणीही निवळशंख दिसते. येथे जीभ फसते आणि वाहकताही मूक राहते. ई. कोलाय हे जंतू १०० मिलिलिटर नमुन्यात मुळीच आढळता कामा नयेत; त्यांचा निर्णायक शोध प्रयोगशाळेतच घ्यावा लागतो.

उलटपक्षी, याच मानकात गंध आणि चव यांपुढे आकडा नाही. ती स्वीकारार्ह असावीत, एवढीच अपेक्षा आहे. म्हणजे मानकानेही पिणाऱ्याची साक्ष रद्द केलेली नाही.

पुरवठ्याच्या बाबतीतही हाच प्रश्न उद्भवतो. माणशी दररोज ५५ लिटर हे मिशनचे परिमाण होय. टाकीजवळचा प्रवाहमापक एकूण पाणी मोजतो. त्याला लोकसंख्येने भागले की सरासरी मिळते. वस्तीच्या शेवटच्या नळाला धार आली की नाही, हे त्या सरासरीत दिसत नाही. ‘गावाला पाणी मिळाले’ या वाक्यातील ‘गाव’ म्हणजे नेमके कोण, हा प्रश्न केवळ व्याकरणाचा नाही.

तात्पर्य, मापन, अनुमान आणि निर्णय या तीन भिन्न क्रिया असून ‘गुणवत्ता-संनियंत्रण’ या एकाच सामासिक पदाखाली त्यांची सरमिसळ होते. फलकावर ‘शुद्ध’ असे लिहिण्याऐवजी काय मोजले, काय मोजले नाही आणि प्रयोगशाळेतील शेवटची तपासणी कोणत्या तारखेस झाली, एवढे लिहावे. परिभाषा घडविणाऱ्या अभ्यासकांनी हा भेद राखला नाही, तर त्या शैथिल्याचे मोल पाणी पिणाऱ्यास द्यावे लागेल.